पेठेतला पार मोकळा कसा करावा

पुण्याच्या पेठेतल्या पाराची वाट लागते ती दुर्लक्षानं कमी आणि सुशोभीकरणानं जास्त. दुर्लक्ष झालं तर चिरे हलतात, सांध्यांत गवत उगवतं, पण झाड जगतं. सुशोभीकरण झालं की ग्रॅनाइट बसतं, बुंध्यापर्यंत सिमेंटचा कोबा येतो, स्टीलचं रेलिंग आणि उद्‌घाटनाची पाटी लागते, आणि काही वर्षांत वड एका बाजूनं वाळायला लागतो. म्हणून या कामाचा क्रम ठरलेला असावा: आधी काढायचं, मग दुरुस्त करायचं, लावायचं सगळ्यात शेवटी. तेही थोडंच.

इथे उदाहरणाला एक नेहमीचा पार धरला आहे: वडाचं किंवा पिंपळाचं जुनं झाड, सहा बाय सहा मीटरचा, कमरेएवढा उंच काळ्या दगडाचा चौथरा, कोपऱ्यात मारुती किंवा म्हसोबा, शेजारी एखादा हौद आणि गणेश मंडळाचं कपाट. कसबा, शुक्रवार, सदाशिव, नाना, भवानी, कुठल्याही पेठेत थोड्याफार फरकानं हेच सापडेल.

पार कुणाचा आणि परवानगी कुणाची

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. पार रस्त्याच्या जागेत असतो, देवस्थानाच्या नावावर असतो किंवा एखाद्या वाड्याच्या हद्दीत अर्धा शिरलेला असतो. हे आधी कळलं नाही तर काम निम्म्यावर आल्यावर शेजारी नकाशा घेऊन उभा राहतो.

झाडाची फांदी तोडायची तरी महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे, आणि पारावरचा वड बहुधा त्यात बसतो. अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागात करायचा. रस्त्याची फरसबंदी काढायची असेल तर क्षेत्रीय कार्यालयाची लेखी परवानगी हवी. वास्तू महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर हेरिटेज विभागाकडेही अर्ज करा. शनिवारवाड्यासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही, पुढचे 200 मीटरही नियंत्रित असतात, आणि दुरुस्तीलाही आधी परवानगी काढावी लागते. प्रत्येक अर्जाला फोटो आणि मोजमापांचा कागद जोडा, पोच घ्या. तोंडी ‘करा हो, काही होत नाही’ यावर काम सुरू करू नका.

चार महिने नुसतं बघा

फेब्रुवारी ते मे हे नोंदींचे महिने. जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर बुंध्याचा घेर मोजा. वडाच्या पारंब्यांनी मोजणं अवघड होतं, तरी टेप कुठून फिरवला ते रेखाटून ठेवा. पाराच्या चारही बाजूंचे समोरून फोटो घ्या, प्रत्येकात मोजपट्टी दिसली पाहिजे. दगडात भेग असेल तर तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. पट्टी तडकली म्हणजे भेग अजून हलते आहे. तिथे नुसते सांधे भरून उपयोग नाही, खालचं पाणी किंवा मूळ शोधावं लागेल.

ढोल्या कुठे आहेत, त्यांत कोण राहतं, तेही लिहा. राखी धनेश, पोपट, पिंगळा जुन्या झाडांच्या ढोलीत घर करतात. धनेशाची मादी उन्हाळ्यात ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि बाहेरून फट तेवढी दिसते. ती भरून टाकायची ‘कीड’ समजू नका.

पाराचा वापर कोण, किती वाजता करतं याचीही नोंद हवी. सकाळी फुलवाली, दुपारी डबेवाला, संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक, रात्री मंडळाची मुलं. फुलवालीशी सगळ्यात आधी बोला. ती रोज तिथे असते, झाडाला पाणी घालणारी बहुतेक तीच असते, आणि कुठल्याही आराखड्यात सर्वात आधी उठवली जातेही तीच. तिला उठवून केलेला पार महिन्याभरात दुचाकींचा तळ होतो.

काढायच्या गोष्टी

खिळे, तारा, फ्लेक्सच्या दोऱ्या आधी. बुंध्यात खोल रुतलेला जुना खिळा उपसू नका. डोकं कापून सोडून द्या, झाड त्याला गिळतं. सालीत रुतत चाललेली तार मात्र कापून सोडवलीच पाहिजे, नाहीतर ती फास होते. रोषणाईची माळ हवीच असेल तर रुंद सुती पट्ट्यानं सैल बांधा आणि उत्सव संपला की उतरवा.

मग कोबा. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण ठेकेदार ब्रेकर लावतो. बुंध्यापासून दोन मीटरच्या आत ब्रेकर नको. छिन्नी, हातोडा आणि लहान पहार एवढंच. ज्या झाडाचा व्यास एक मीटर आहे त्याची महत्त्वाची मुळं साधारण बारा मीटरच्या त्रिज्येत पसरलेली धरावी लागतात, म्हणजे जवळजवळ अख्खा चौक. ते सगळं मोकळं होणार नाही. पण बुंध्याभोवती निदान एक मीटर माती उघडी पाहिजेच. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी हाच आकडा दिला होता. त्यापुढे फरसबंदीत हातभर रुंदीच्या दोन-तीन पट्ट्या उघडता आल्या तर उत्तम.

एका वेळी पाराचा एक चतुर्थांशच उघडा. कोब्याखालची मुळं अनेक वर्षं अंधारात, ओलीत वाढलेली असतात. एकदम ऊन लागलं की साल तडकते. काम जूनअखेर ते ऑगस्टमध्ये, ढगाळ हवेत करा. उघडं पडलेलं मूळ त्याच दिवशी ओल्या गोणपाटानं झाका आणि संध्याकाळपर्यंत माती सरकवा. अंगठ्याएवढं मूळ तोडावं लागलं तर धारदार करवतीनं सरळ कापा, कुदळीनं चेचू नका. मनगटाएवढं मूळ तोडायचंच नाही. दगड हलवा, मूळ नाही.

उघडी झालेली जागा भरताना हमखास एक चूक होते. ‘लेव्हल करून टाकू’ म्हणत ट्रॉलीभर लाल माती ओततात आणि बुंध्याचा पाया हातभर गाडला जातो. पाराच्या आतली मूळची माती जिथवर होती तिथवरच ठेवा. वर फक्त दोन इंच चाळलेलं पालापाचोळ्याचं खत आणि त्यावर सुका पाला. बुंध्यालगत वीतभर जागा मोकळी सोडा. ओला पाला खोडाला चिकटून राहिला की साल कुजते आणि मग वाळवीला दार उघडं होतं.

दगडावरचा ऑइलपेंट हा पुण्यातला खास रोग. त्याला ॲसिड नको, सँडब्लास्टिंग अजिबात नको. काळा दगड टणक असला तरी सांधे आणि घडाईच्या खुणा दोन्ही जातात. मागच्या बाजूला फूटभर जागेवर आधी प्रयोग करा: वाफ किंवा उकळतं पाणी आणि नायलॉनचा ब्रश. तेवढ्यानं निघाला नाही तर पेंट काढायच्या लेपाचा तुकड्यातुकड्यानं वापर करा आणि खालच्या मातीवर प्लास्टिक अंथरा.

देवाचा शेंदूर मात्र मळ नव्हे. कवच उतरवायचं की नाही हा पुजाऱ्याचा आणि देवस्थानाचा निर्णय, गवंड्याचा किंवा वास्तुतज्ज्ञाचा नाही. बुंध्यावर तेल-शेंदूर फासला जात असेल तर शेजारी एक छोटा दगड उभा करून द्या. चार-सहा महिन्यांत हात आपोआप तिकडे वळतात.

चुन्याचं काम

जुन्या पाराचे सांधे चुन्याचे असतात. ते सिमेंटनं भरले तर सिमेंट दगडाला घट्ट चिकटतं, आतली ओल बाहेर येऊ देत नाही, आणि क्षार आतच साठून लोणा लागतो. शिवाय मुळं वाढली की चुन्याचा सांधा थोडं ऐकून घेतो. सिमेंटचा ऐकत नाही, मग दगडच फुटतो.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात चुना धरायच्या आधी वाळतो, पावसात धुऊन जातो.

कळीचा, म्हणजे न विझवलेला, चुना ताजा घ्या. ओळख सोपी आहे: खडा पाण्यात टाकला की काही मिनिटांत उकळायला पाहिजे. थंड पडून राहिला तर तो मेलेला, परत करा. भिजवताना नेहमी पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. उसळून डोळ्यात जातो. चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय कुणालाही पिंपाजवळ जाऊ देऊ नका. झाकून किमान तीन आठवडे मुरवा, तीन महिने मिळाले तर फारच छान. मुरलेला चुना गाळून घेतल्यावर लोण्यासारखा थापीला लागला पाहिजे, खडे लागता कामा नयेत.

मसाल्याचं प्रमाण मापानं: चुना 1, सुरखी 1, वाळू 2. सुरखी म्हणजे विटांची पूड, तीही चांगल्या भाजलेल्या विटांची. कच्च्या विटेची पूड म्हणजे नुसती माती. नदीची वाळू शोधत बसू नका, धुतलेली क्रश सँड चालते, फक्त ती एकसारखी बारीक नको. सहा बाय सहा मीटरच्या, 90 सेंटिमीटर उंचीच्या चौथऱ्याच्या चारही बाजू मिळून साधारण 22 चौरस मीटर होतात. दगड दीड फूट बाय एक फूट, सांधा 12 मिलिमीटर रुंद आणि 30 मिलिमीटर खोल धरला तर वाया जाणारा धरून जेमतेम 60 लिटर मसाला लागतो: 20 लिटर चुना, 20 लिटर सुरखी, 40 लिटर वाळू, वाळूच्या फटीत चुना शिरतो म्हणून बेरीज जुळत नाही. म्हणजे एवढ्याशा कामाला सिमेंटच्या दहा गोण्या मागवणारा ठेकेदार सांधे भरणार नाही, गिलावा करणार आहे.

गूळ, बेलफळाचं पाणी, उडीद, मेथी ही मसाल्यातली जुनी भर खरीच आहे. पण हात राखून घाला. गूळ जास्त झाला की मुंग्या लागतात आणि चुना धरायला वेळ घेतो.

सांधा रुंदीच्या दुप्पट-अडीचपट खोल खरवडा, धूळ पाण्यानं धुवा, ओल राहू द्या पण पाणी साचलेलं नको. मसाला दोन थरांत दाबून भरा आणि दगडाच्या कडेपासून थोडा आत ठेवा, म्हणजे पाणी सांध्यावर अडत नाही. वर ओलं बारदान टाकून किमान दहा दिवस ओल धरा. दुसऱ्याच दिवशी केसासारख्या चिरा आल्या तर पाणी जास्त झालं किंवा वाळू फार बारीक होती. बोटानं घासल्यावर पूड पडली तर तो फार लवकर वाळला. पांढरी फुलं दिसली तर आतून क्षार येतोय. कोरड्या ब्रशनं झाडा, पाणी मारू नका, आणि ओलीचं मूळ शोधा. बहुतेक वेळा ते शेजारच्या गळक्या नळात सापडतं.

सांध्यांत उगवलेल्या पिंपळाच्या रोपांचं काय? पेन्सिलीपेक्षा बारीक असतील तर पावसानंतर, माती मऊ असताना, मुळासकट ओढा. जाड असेल तर नुसतं कापून भागत नाही, ते दुप्पट फुटतं. भिंतीवर किंवा घाटावर, जवळ मोठं झाड नसताना, परवानाधारक कीडनियंत्रकाकडून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावून घेता येतं. पारावर मात्र तणनाशकाचं नाव काढू नका. ते रोप वाटणारं फुटवं पाराच्याच झाडाच्या मुळाचं असू शकतं आणि औषध थेट मुख्य झाडात जातं. आणि जो दगड मुळानंच धरून ठेवलाय तिथलं मूळ कापलं तर दगडही येतो. अशा ठिकाणी हरलेलं बरं.

पाणी

पहिल्या पावसात छत्री घेऊन उभं राहा आणि पाणी कुठे थांबतं ते खडूनं आखा. पाराच्या माथ्याचा उतार बुंध्याकडे नको, बाहेरही सगळा नको. कडेच्या मातीत मुरेल इतका ठेवा. देवळाच्या छपराचं पाणी इथेच वळवता येतं. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस धरला तर 20 चौरस मीटर पत्र्यावरून, गळती वजा जाता, अकरा हजार लिटरच्या आसपास मिळतं. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी सोडून द्या. बाकीचं गोटे, खडी, वाळू अशा थरांतून हौदात घ्या. हौद झाकलेला नसेल तर जाळी लावा, नाहीतर डासांची नोटीस तुमच्याच नावानं येईल.

शेजारी आड, म्हणजे लहान विहीर, असेल आणि गाळ काढायचा असेल तर कुणालाही थेट आत उतरवू नका. दिवा विझला नाही म्हणजे हवा चांगली, हा समज जीवघेणा आहे. मापकानं हवा तपासा, पंख्यानं हवा सोडा, कमरेला दोर आणि वर दोन माणसं. पाणी एका दमात उपसू नका, बाहेरच्या ओल्या मातीच्या दाबानं जुनं दगडी बांधकाम आत येतं.

खोदताना विटांचं किंवा दगडाचं बंदिस्त पन्हळ लागलं तर तिथेच थांबा. 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात आणलेल्या नळाचा तो भाग असू शकतो. त्यावरच पेठांतले हौद भरत. फोटो घ्या, खोली मोजा, हेरिटेज विभागाला कळवा. ड्रेनेज त्यात सोडून द्यायची सूचना कुणीतरी करेलच, ऐकू नका.

पारंबीला जमिनीपर्यंत आणणं

वडाच्या पारंब्या रस्त्यावर लोंबतात, ट्रक-टेम्पोला लागतात आणि वारंवार छाटल्या जातात. त्यामुळे फांदी लांबत जाते, टेकू मिळत नाही, आणि एखाद्या वादळात सांध्यात फाटते. पाराच्या आतल्या बाजूला येणाऱ्या दोन-तीन पारंब्या निवडा आणि त्यांना खाली आणा.

टोक बघा: पिवळसर, मऊ, ओलसर असेल तर पारंबी जिवंत आहे, काळं आणि ठिसूळ असेल तर ती सोडा. बुरुड आळीतून आतला व्यास तीन-चार इंच असलेला जाड बांबू आणा, उभा चिरून आतले पेर फोडून घ्या. अर्ध्या नळीत माती, कोकोपीट आणि शेणखत समान भागानं भरा, पारंबी आत ठेवा, दुसरा अर्धा बसवा आणि सुतळीनं दर फुटावर बांधा. बांबूचं वजन पारंबीवर येऊ नये म्हणून खाली दगडावर किंवा लाकडी घोडीवर टेकवा. खालच्या टोकाशी फूटभर मोकळी माती करा. वरून रोज तांब्या-दोन तांबे पाणी, पावसाळ्यात गरज नाही. जूनमध्ये बांधलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत टोक बरंच खाली आलेलं दिसतं. जमिनीत शिरलं की ते जोरानं जाड होतं. बांबू दोन-तीन वर्षांत आपणहून कुजतो, तोवर पारंबी उभी राहते. पीव्हीसी पाइप स्वस्त म्हणून वापरतात, पण तो उन्हात तापतो, कुजत नाही, आणि जाड होणाऱ्या पारंबीचा गळा आवळतो.

लावायचं ते

दाट सावलीत लॉन जगत नाही, दर सहा महिन्यांनी नवं अंथरावं लागतं. अडुळसा, कोरांटी, अबोली, हळद ही अर्ध्या सावलीत टिकतात. तुळशीला चार-पाच तास ऊन लागतं, म्हणून ती पूर्वेच्या कडेला. पारिजातक, बेल, जास्वंद पाराबाहेर, जागा असेल तरच. दहा चौरस मीटरला बारा-पंधरा रोपं भरपूर झाली. खड्डे हातानं, वीतभर खोल. मूळ लागलं की खड्डा सरकवा.

उत्सव आणि राखण

मंडळाशी जुलैमध्येच लेखी ठरवून घ्या: मांडवाचे खांब खड्ड्यात नाही, वाळू भरलेल्या ड्रममध्ये, जनरेटर झाडाखाली नाही, बांबू फांदीला टेकवायचे नाहीत. वटपौर्णिमेला सूत सुतीच हवं आणि आठवड्यानं सोडवायचं, कोवळ्या पारंबीला नायलॉनचा दोरा फास होतो. कापूर, उदबत्त्या बुंध्याच्या कपारीत नको. हातभर अंतरावर दगडी दिवा ठेवा.

निर्माल्यातले दोरे, रबर, प्लास्टिक काढून बाकीचं पाल्यात मिसळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा जाळीचा एक मीटर लांब, रुंद, उंच पिंजरा करून पाला दाबा आणि शेणकाला शिंपडा. पिंपळाचं पान चिवट असतं, खताला आठ-दहा महिने लागतात. जाळायचं नाही.

एक वही मंडळाच्या कपाटात ठेवा. कोण पाणी घालतं, भेगेची पट्टी कधी बघितली, कुठली फांदी वाळली, एवढंच. निधी देणारा कुणी बाकडी आणि कमान देऊ करेल. त्याला चुना, पाथरवटाची मजुरी आणि वर्षभराचं पाणी मागा. पाटी लहान लावायची कबुली आधीच घ्या.

आणि इतकं करूनही झाड वठलं तर? आधी उद्यान विभागाची पाहणी करून घ्या. रहदारीवर लोंबत नसेल तर वाळका बुंधा उंची कमी करून ठेवायची मागणी करा, ढोल्या कामात राहतात. त्याच वडाची अडीच मीटर लांब, मनगटाएवढी जाड, सरळ फांदी जूनच्या सुरुवातीला परवानगीनं काढा, पानं छाटा, खालचं टोक तिरकं कापा आणि दोन फूट खोल पुरा. वरच्या कापाला शेणमाती लिंपा. कोंब आले तरी दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी लागतं.